अंगठ्याच्या नखातली रेघ

माझं काम लोकांचे हात धरायचं. रामदासपेठेतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी रक्त काढते, त्याला आता वीस वर्षं होऊन गेली. सकाळी सातला दार उघडतं, पण त्याआधीच माणसं पायऱ्यांवर उपाशीपोटी बसलेली असतात, आणि उपाशी माणसाशी गोड बोलून काही उपयोग नसतो. त्याला खुर्चीत बसवायचं, बाही वर करायची, पट्टा बांधायचा, मूठ आवळायला सांगायची. शीर हाताला लागेपर्यंत नजर त्या हातावरच असते. शिरा शोधता शोधता मी नखं पाहायला लागले.

मुद्दाम कुणी शिकवलं नाही. कॉलेजात असताना पुस्तकात नखांवर दीड पान होतं, तेवढंच. पण सकाळी ज्याचा हात धरला त्याचा रिपोर्ट दुपारी माझ्याच डोळ्यांखालून जायचा, त्यामुळे दोन्ही आपोआप जुळवले जायचे. एखाद्या बाईची नखं पांढुरकी आणि मध्ये खोलगट, पाण्याचा थेंब ठेवला तर तिथंच बसून राहील अशी दिसली, की हिमोग्लोबिन सात-आठच्या वर जात नसे. बोटांची टोकं फुगलेली आणि नखं खाली वळलेली दिसली, की त्या माणसाच्या छातीत काहीतरी बिघडलेलं असण्याची शक्यता फार. नखाचा मुळाकडचा अर्धा भाग पांढरा आणि पुढचा अर्धा तांबूस-तपकिरी असला, तर मी मनातल्या मनात क्रिएटिनिनचा, म्हणजे मूत्रपिंडाच्या तपासणीचा आकडा लावायचे. प्रत्येक वेळी जुळायचं असं नाही. दिवसभर भांडी घासणाऱ्या बाईची नखं कशीही दिसतात आणि तिला काहीही झालेलं नसतं. पण न जुळलेलं माणूस विसरतं आणि जुळलेलं गावभर सांगत सुटतं. मीही तेच केलं.

एकदा एका साहेबांच्या दहाही नखांवर मला आडवी खाच दिसली. मोठा ताप येऊन गेला की नखाची वाढ काही दिवस थांबते, खाच पडते, आणि मग ती नखाबरोबर हळूहळू टोकाकडे सरकते. नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतं. मी अंदाज केला आणि म्हटलं, "दोन-अडीच महिन्यांपूर्वी जोराचा ताप आला होता का?" डेंग्यू झाला होता. साहेब माझ्याकडे ज्योतिष्याकडे बघावं तसे बघायला लागले. आमच्या लॅबच्या मॅडमना, म्हणजे ज्या डॉक्टरीणबाईंची ती लॅब आहे त्यांना, हे कळलं. त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "तू रक्त काढ. निदान काढू नकोस." सगळे हसले. मला राग पटकन येतो आणि उशिरा जातो. दोन दिवस मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलले.

घरी मात्र माझं फार कौतुक होतं. लग्नात, बारशात बायका पदराआडून हात पुढे करायच्या. बाबा तर माझी जाहिरातच करत. पाचपावलीतल्या चहाच्या टपरीवर ते ओळखीच्या कुणालाही सांगायचे, "माही पोरगी नखं पाहून बिमारी सांगते गा. मशीन नाही लागत तिले." मी वरवर त्यांना रागवायचे. आतून मला ते आवडायचं.

आमची माणसं विणकर. आजोबा मागावर बसायचे, पण बाबा मागावर बसले नाहीत. ते सूत रंगवायचे. आमच्या घरामागच्या आवारात शेड होती, तिच्यात रंगाच्या टाक्या, आणि बांबूवर टांगलेल्या सुताच्या लड्या ते उकळत्या रंगात बुडवत आणि फिरवत राहायचे. हातमोजे आणून दिले तर म्हणायचे, सूत हाताला कळलं नाही तर रंग सारखा बसत नाही. एका दिवशी काळा, दुसऱ्या दिवशी निळा, मग कुसुंबी. सगळे रंग मिळून त्यांच्या नखांचा एक वेगळाच रंग झाला होता, त्याला नाव नाही. त्याच हातांनी ते वरणभात कालवायचे. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्याच बाबांची नखं काळी असतात, आईची गोरी असतात.

आमच्यात तेव्हा मुलगा पाहायला गेले की म्हातारी माणसं त्याची नखं पाहत. विणणाऱ्याच्या बोटांना घट्टे हवेत, रंगवणाऱ्याच्या नखांत रंग हवा. नखं स्वच्छ असली की पोरगा कामचुकार, असा सरळ हिशेब. आईच्या वडिलांनी बाबांचा हात हातात घेतला, उलटापालटा केला, आणि लग्न ठरलं. आई हे सांगताना नेहमी म्हणायची, "मले कोणी विचारलं नाही. माह्या बापानं नखं पाहून मले देऊन टाकलं." आणि बाबा हसायचे.

माग एकेक करून बंद पडले. रंगवलेलं सूत गिरणीतून तयार यायला लागलं. तरी बाबा कुणाकुणाचं थोडंथोडं काम धरून होते. शेवटी गुडघ्यांनी आणि दम्यानं त्यांना शेडमधून बाहेर काढलं. सहा-सात महिन्यांत त्यांची नखं मुळापासून टोकापर्यंत नवी आली, लहान पोराची असतात तशी गुलाबी. आम्हाला बरं वाटलं. बाबांना नाही वाटलं. ते हात मांडीवर पालथे ठेवून बसायचे आणि म्हणायचे, "हे हात माहे नाही वाटत. कोण्या कारकुनाचे वाटतात." लग्नकार्यात गेले की हात खिशात ठेवायचे. चाळीस-पंचेचाळीस वर्षं ज्या गोष्टीवर त्यांना मान मिळाला ती गोष्ट कातरीनं कापली गेली होती, आणि ती कापणारीही मीच, कारण त्यांची नखं दर रविवारी मी कापायचे. त्यांच्या हाताला तेव्हा कंप सुटला होता.

त्यानंतर साधारण वर्षानं, एका रविवारी त्यांनी मला अंगणात हाक मारली. उन्हात उभे होते, उजव्या हाताचा अंगठा पुढे करून.

"पाह्य वं. आला परत."

अंगठ्याच्या नखात एक उभी काळपट रेघ होती. मुळापासून टोकापर्यंत, बॉलपेननं ओढावी इतकी बारीक. बाबा खरोखर खूश होते. कुणी जुनं ओळखीचं माणूस दारात यावं तसा चेहरा झाला होता. मी अंगठा हातात घेतला, दाबून पाहिला, पर्समधला स्पिरिटचा कापूस काढून घासला. रेघ गेली नाही. मी म्हटलं, "रंग आहे बाबा. इतकी वर्षं मुळात मुरलेला असेल, आता नखाबरोबर वर येतोय."

हे मी म्हटलं. घाईत नाही, झोपेत नाही. भर उन्हात, अंगठा हातात धरून, विचार करून म्हटलं. आणि म्हटल्यावर मला स्वतःचंच स्पष्टीकरण आवडलं.

जिला एका खाचेवरून तापाचा महिना सांगता येत होता, तिला हे कळायला हवं होतं की रंग नखावर बसतो आणि नखाबरोबर निघून जातो. मेंदी लावलेली कुठलीही बाई हे सांगेल. मेंदीचं लाल नख महिन्यामहिन्याला वर सरकतं, खालून कोरं नख येतं, शेवटी टोकाला लाल चंद्रकोर उरते आणि कापली जाते. जी रेघ मुळापासून रोज नवी तयार होते, तिचं मूळ आतच कुठंतरी असणार. सावळ्या माणसांच्या नखांत अशा निरुपद्रवी रेघा पुष्कळ असतात हे खरं आहे. पण म्हातारपणी एकाच बोटाला, त्यातही अंगठ्याला, नवीन रेघ आली तर ती दाखवलीच पाहिजे, हेही त्या दीड पानात होतं. मी ते वाचलं होतं. परीक्षेला आलं नव्हतं.

बाबांनी तो अंगठा मिरवला. दुसरा शब्द मला सापडत नाही. त्यांच्या बरोबरीचे जुने रंगारी भेटले की ते अंगठा पुढे करायचे, "तुमचा गेला, माहा नाही गेला." ते म्हातारे आपापली नखं डोळ्यांजवळ नेऊन पाहायचे, एखादी रेघ सापडते का म्हणून. एकानं तर हळहळून म्हटलं की तुमचं काम पक्कं होतं, म्हणून रंग टिकला. माझ्या मावसभावाच्या लग्नात मी हे माझ्या डोळ्यांनी पाहिलं आणि मला हसू आलं. बाबांचे हात खिशातून बाहेर आले होते, त्याचा आनंदही झाला.

आईला ती रेघ पहिल्या दिवसापासून आवडली नाही. आई चौथी शिकलेली. ती म्हणाली, "हा रंग नाही. ह्या माणसाच्या नखाचा रंग मी उभी जिंदगी पाहिला. रंग वरतून असते. हे आतमंधून हाये." मग बाबांकडे वळून, "सदरमंधल्या चामडीच्या डॉक्टरले दाखवून या."

"घरची डॉक्टर हाये ना," बाबा म्हणाले. "तिनं पाहिलं."

"तिनं पाहिलं, पण ते डॉक्टर नाही."

हे मला झोंबलं. मी आईवर तडकले. "तू फालतू टेन्शन घेऊन राहिली. मी रोज शंभर हात पाहते." शंभरही नव्हते, चाळीस असतील. आई उठून आत गेली. पण ती विषय सोडणारी नव्हती. दर दोन-तीन महिन्यांनी ती बाबांना म्हणायची, दाखवून या, आणि दर वेळी बाबा माझ्याकडे बोट करायचे, पोरीनं सांगतलं ना. माझा तो एक शब्द त्यांनी ढाल करून वापरला. माझा शब्द नसता तर आईनं त्यांना ओढत नेलं असतं. माझ्यासमोर तिचं काही चालत नव्हतं, कारण मी शिकलेली.

दुसऱ्या वर्षी रेघ रुंद झाली, माचिसच्या काडीएवढी. मी दर रविवारी नखं कापत होते, त्यामुळे ती माझ्या डोळ्यांसमोर रुंद झाली, आणि रोज थोडी थोडी वाढणारी गोष्ट घरच्या माणसाला दिसत नाही, असं मी स्वतःला पुष्कळदा समजावलं आहे. ते पूर्ण खरं नाही. दिसत होतं. पण लॅबमधल्या खुर्चीत अनोळखी हात आला की मी नख पाहायचे, आणि घरी मी बाबांचा हात पाहायचे. त्या हाताला काळं असण्याचा हक्क होता.

तिसऱ्या वर्षी नख मधोमध चिरलं. थोडं रक्त यायचं, थोडं पाणी. बाबा म्हणाले दाराच्या फटीत सापडलं होतं. खरंच सापडलं होतं की नाही, कोण जाणे. आईनं हळद भरली. मी लॅबमधून पट्टी आणली आणि स्वतःच्या हातानं बांधली, स्वच्छ, कोपरे दुमडून. "पंधरा दिवसांत भरेल," मी म्हणाले. भरलं नाही. मग मलम बदललं. पट्ट्या करण्यात माझा हात चांगला आहे, लोक सांगतात.

त्याच सुमारास बाबांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं आणि त्याआधी रक्ताच्या तपासण्या सांगितल्या. मी घरी येऊन रक्त काढते म्हटलं, तर बाबा ऐकेनात. त्यांना माझी लॅब पाहायची होती. इतकी वर्षं कधी आले नव्हते. पांढरा शर्ट घातला, आईनं इस्त्री केलेला. सीताबर्डीला मेट्रोनं उतरलो, तिथून ऑटो केला. सगळ्या वाटेत ते ऑटोवाल्याला सांगत होते की पोरगी मोठ्या लॅबमध्ये आहे.

माझ्या खुर्चीत ते ऐटीत बसले. मी रक्त काढलं. दुखलं नाही म्हणून त्यांनी आजूबाजूच्या पेशंटांकडे अशा नजरेनं पाहिलं की मला लाज वाटली. माझे वडील आलेत हे कळल्यावर मॅडम केबिनमधून बाहेर आल्या. बाबांनी उठून दोन्ही हात जोडले.

मॅडमनी ते जोडलेले हात पाहिले. सकाळी पट्टी भिजली म्हणून मी काढून टाकली होती. त्यांनी उजवा हात अलगद धरला आणि अंगठा ट्यूबलाइटकडे वळवला. मीही पाहिलं. त्या क्षणी, त्या उजेडात, मॅडमच्या हातात, ते मला पहिल्यांदा नख म्हणून दिसलं. काळेपणा नखाच्या बाहेर आला होता. मुळाशी, बाजूला, कातडीत उतरला होता. रंग असा कधीच उतरत नाही. मला ते एका क्षणात कळलं.

"काका, हे किती दिवसांपासून आहे?" मॅडमनी विचारलं.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातात कापूस होता. मी बोलू शकत होते. तीन वर्षं, हे दोनच शब्द होते.

"झाले असतील तीन महिने," बाबा म्हणाले.

मॅडम माझ्याकडे वळल्या. "तू पाहिलं नाहीस?"

"तिले मीच नाही दाखवलं," बाबा म्हणाले. "तिले टाइम कुठं हाये."

मी मान खाली घातली आणि ट्यूबवर त्यांचं नाव लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच आलं.

पुढचं सगळं भराभर झालं. नखाखालचा तुकडा तपासायला गेला. चार दिवसांनी रिपोर्ट आला, तो मीच लिफाफ्यातून काढला, कारण आमच्याच लॅबमार्फत गेला होता. मेलॅनोमा. कातडीला रंग देणाऱ्या पेशींचा कॅन्सर. आयुष्यभर रंगात हात बुडवले म्हणून तो झाला असं कुणी सांगितलं नाही, आणि मीही ते म्हणणार नाही. रंगानं एवढंच केलं की तो आम्हाला दिसू दिला नाही.

कॅन्सरच्या दवाखान्यात सर्जननी पहिला प्रश्न तोच विचारला. किती दिवसांपासून? बाबांनी तेच सांगितलं. सर्जननी भुवया वर केल्या. "तीन महिन्यांत एवढं? फारच जोरात वाढतंय मग." आणि त्यांनी ते फाइलीत लिहिलं. मी शेजारच्या स्टुलावर बसले होते. त्या फाइलीत त्यानंतर जितक्या डॉक्टरांनी लिहिलं, त्या प्रत्येकानं तो आकडा वरून खाली उतरवून घेतला. त्या खोट्यामुळे उपचारात काही फरक पडला का, हे मी आजवर कुणालाही विचारलेलं नाही. विचारायचं तर आधी खरं सांगावं लागतं.

अंगठा कापला. जखम भरल्यावर बाबांनी पहिल्यांदा पानावर हात ठेवला तेव्हाचं मला विसरता येत नाही. घास उचलायला अंगठा लागतो हे आपल्याला माहीतच नसतं. भात चार बोटांतून खाली पडत होता. आई चमचा आणायला उठली, तर त्यांनी डोळ्यांनीच तिला बसवलं. अर्ध्या तासानं वरणभात थंड झाला तेव्हा त्यांनी मुकाट्यानं डावा हात पुढे केला. आमच्या घरात डाव्या हातानं कुणी जेवत नाही. आईनं तोंड फिरवलं.

काखेत गाठ आली होती, ती काढली. मग दुसरी आली. खोकला सुरू झाला तो आधी दम्याचा वाटला, कारण आम्ही प्रत्येक गोष्टीला आधीचंच नाव द्यायला तयार असायचो. छातीच्या फोटोत फुप्फुसात ठिपके दिसले.

एका दुपारी दवाखान्यात आई घरी गेली होती आणि आम्ही दोघंच होतो. मी त्यांना चहात बिस्कीट बुडवून भरवत होते. मी विचारलं, "बाबा, तीन महिने काहून सांगितलं?"

त्यांनी तोंडातलं बिस्कीट संपवलं. मग म्हणाले, "तुह्या मॅडमसमोर काय सांगू? का हे पोरगी नखं पाहते, अन् हिनंच मले सांगतलं का रंग हाये?"

"सांगायला पाहिजे होतं."

"तुही नोकरी हाये तिथं. मान हाये." त्यांनी पाण्यासाठी हात केला, मी पाजलं. "अन् मले तरी कुठं दवाखान्यात जायचं होतं वं. तू रंग म्हटलं, मले बरं वाटलं. मले रंगच पाहिजे होता."

मी रडले. ते कंटाळले असावेत, कारण त्यांनी टीव्ही लावायला सांगितला. त्यानंतर हा विषय आमच्यात निघाला नाही. दीड महिन्यानं ते गेले.

तेरवीला माणसं पुष्कळ आली. सगळ्यांचं बोलणं एकच होतं, की बिमारी काय आली अन् काय माणूस नेला, कळलंही नाही. कुणीतरी आईला विचारलं, आधी काही दिसलं नाही का. मी पाण्याची घागर घेऊन दारातच होते. आईनं माझ्याकडे पाहिलं नाही. "तीन महिने," ती म्हणाली. "तीन महिन्यातच झालं सारं." तिला कुणी शिकवून ठेवलं होतं असं नाही. दवाखान्यात ऐकून ऐकून तिनं ते उचललं होतं, आणि माझ्यासाठी ते तसंच्या तसं लोकांसमोर ठेवलं. रेघ पहिल्या दिवशी ओळखणारी बाई ती. मी घागर खाली ठेवली आणि आतल्या खोलीत जाऊन बसले.

मी वाट पाहत होते की ती कधीतरी मला बोलेल. भांडण झालं असतं तर मला बरं वाटलं असतं, मला भांडता येतं. पण ती काही बोलली नाही. मी दर रविवारी जाते, तिच्या समोर बसून चहा पिते, भाजी निवडू लागते. लॅबमध्ये मी आता नखं पाहिली तरी कुणाला काही सांगत नाही. वेगळं काही दिसलं तर चिठ्ठीवर लिहून मॅडमच्या टेबलावर ठेवते. त्या एकदा म्हणाल्या, "तू फार बदललीस." मी हो म्हटलं.

मागच्या महिन्यात आईच्या घरी बिलं शोधताना फडताळात एक चिठ्ठी सापडली. सदरच्या एका त्वचारोगतज्ज्ञांची, वर आईचं नाव. तारीख चारच दिवसांपूर्वीची. ती एकटीच ऑटो करून गेली होती. जिनं जन्मात एकटीनं दवाखान्याची पायरी चढली नाही, ती. चिठ्ठीवर लिहिलं होतं: दोन्ही हातांच्या नखांवर उभ्या रेघा, सात-आठ महिन्यांपासून. त्याखाली, वयानुसार, काळजीचं कारण नाही.

सात-आठ महिने. म्हणजे तीसेक रविवार मी त्या हातांसमोर बसले होते. त्या हातांनी दिलेला चहा प्याले होते.

आई स्वयंपाकघरात पोहे धूत होती. मी चिठ्ठी घेऊन दारात उभी राहिले. तिनं वळून पाहिलं, चिठ्ठी ओळखली, आणि परत पोह्यांत हात घातला.

"काही नाही म्हणाले ते," ती म्हणाली. "म्हातारपणाच्या रेघा हायेत."

"मले काहून नाही दाखवलं?"

तिनं पाणी ओतून टाकलं. आवाजात राग नव्हता. मी नीट ऐकलं, राग असता तर मला कळला असता.

"तू पोरगी हायेस," ती म्हणाली. "तू म्हणशील, 'काही नाही', अन् मी ऐकीन."